हॅम्बुर्गचं जानवसघर

"बॅग उघड की," मी म्हटलं.

"असू दे."

"शर्ट चुरगळतील."

"आज-उद्याचा तर प्रश्न आहे. उघडायची, लावायची, परत भरायची. कशाला?"

विनायक, माझा धाकटा भाऊ, हॉटेलच्या पलंगाच्या अगदी कडेला बसला होता. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसा. त्याची बॅग दाराजवळ उभी होती, चेन बंद, हँडल वर काढलेलं. शेजारच्या खोलीत मी साड्या लावून, तोंड धुऊन, चहाची किटली कशी चालते ते शोधून आले होते, आणि याने पायातले मोजेही काढले नव्हते.

मी मिरजेला आयुष्यभर मंगल कार्यालय चालवलं. आधी नवऱ्याबरोबर, मग एकटीने. पाहुणा ओळखायला मला त्याचं तोंड बघावं लागत नाही, बॅग पुरते. आल्या आल्या बॅग उघडून ज्याने टॉवेल दोरीवर टाकला, तो सुखाने राहतो आणि आमटीला नावं ठेवत नाही. ज्याची बॅग दाराशी उभी राहते, त्याला आपण दुसरीकडे कुठेतरी असायला हवं होतं असं वाटत असतं. तोंडाने तो कधी बोलत नाही.

विनायकला मुलाचं घर हवं होतं. एवढीच गोष्ट होती. जर्मनी बघायला तो आलाच नव्हता.

कौस्तुभ त्याचा एकुलता एक. शिकायला म्हणून हॅम्बुर्गला गेला तो तिथलाच झाला. आन्के पीटरसन नावाच्या मुलीशी लग्न केलं, तेही साथीच्या दिवसांत, नोंदणी पद्धतीने. इकडून कुणाला जाता आलं नाही. मग लीना झाली. लीना चालायला लागायच्या आत कौस्तुभची आई, आमची वहिनी, गेली, आणि विनायकने एकच गोष्ट धरून ठेवली. एकदा पोराच्या घरी जाऊन राहायचं. सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात चहा प्यायचा, त्याच्या गॅलरीत पंचा वाळत घालायचा. वहिनीला ते जमलं नव्हतं, म्हणून तिच्या वाटचंही आपण राहून यायचं.

आणि पाटी लावायची. सांगलीच्या एका कारागिराकडून त्याने पितळेची पाटी करून घेतली होती. वर देवनागरीत 'चिंचाळकर', खाली रोमनमध्ये. ती पोराच्या दारावर आपल्या हाताने लावायची आणि तिचा फोटो कुलवृत्तांताच्या शेवटच्या पानावर घालायचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून विनायक चिंचाळकरांचा कुलवृत्तांत तयार करत होता. कोण कुठून निघाला, कुठे स्थायिक झाला, कुणाचा वाडा कुणी विकून खाल्ला, सगळं. मुलींना त्यात अर्धी अर्धी ओळ. माझी अशी आहे: 'शरयू, मिरजेच्या देशिंगकरांकडे दिली.' पुढे त्या शरयूची कुमुद झाली, तिने काय केलं, ते देशिंगकरांनी पाहिजे तर लिहावं.

कुठे उतरायचं ही चर्चा सांगलीत फोनवर झाली होती, तेव्हा मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, मी तीन ठिकाणं बघून ठेवलीयत," कौस्तुभ म्हणाला. "एक मोठ्या स्टेशनजवळ, एक बंदरापाशी, आणि एक जरा शांत भागात, हामरब्रोकला. तुम्हाला कुठलं आवडतं सांगा."

"आणि तुझ्याकडे?"

"तिसरा मजला आहे, बाबा. लिफ्ट नाही. तुमचा गुडघा."

"त्या गुडघ्याने मागच्या महिन्यात जोतिबाचा डोंगर केला."

"बाथरूमही एकच आहे. तुमची सकाळची पूजा, सोवळं..."

"सोवळं तुझी आई पाळायची. मी नाही."

मग कौस्तुभ म्हणाला, "हामरब्रोकचं चांगलं आहे, बाबा. नाश्ता धरून आहे."

मी फोनवर नकाशा उघडून बघितला. तिन्ही हॉटेलं शहराच्या एका अंगाला होती, आणि कौस्तुभचं घर, आइम्सब्युटल नावाच्या भागातलं, दुसऱ्या अंगाला. त्या भागातही हॉटेलं होती, चांगली दिसत होती. ती त्याच्या यादीत नव्हती. लग्नात वरपक्षाची उतरायची जागा, जानवसघर, आम्ही अशीच निवडायचो. मान राखला जाईल इतकी चांगली, आणि मुदपाकखान्यात काय चाललंय ते दिसणार नाही इतकी लांब.

"पोराने तुला जानवसघर दिलंय," मी विनायकला म्हटलं.

"मग? वरबाप आहे मी," तो हसून म्हणाला. "आधी जानवसा, मग घर. रीतच आहे."

तर अशा रीतीने आम्ही हामरब्रोकला उतरलो. कालव्याच्या काठी सगळ्या काचेच्या कचेऱ्या. संध्याकाळी माणसं निघून गेली की तिथे आम्ही दोघं आणि बदकं.

कौस्तुभ रोज सकाळी न्यायला यायचा. पोरगा गुणाचा, यात शंका नाही. बापाचा हात धरून जिने उतरायचा, पाण्याची बाटली स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. त्याने आम्हाला बंदर दाखवलं, नदीच्या पोटातून जाणारा जुना बोगदा दाखवला, तळ्यातल्या बोटीतून फिरवलं. जिथे जाऊ तिथे विनायक विचारायचा, "इथनं तुझं घर कुठल्या बाजूला?" आणि कौस्तुभ हाताने लांबची दिशा दाखवायचा, हवामान सांगावं तशी.

पहिल्या दिवशी घरात रंगकाम चालू होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पाइप फुटला. तिसऱ्या दिवशी आन्केच्या आईला बरं नव्हतं. कार्यालय रिकामं असताना नकोशा गिऱ्हाइकाला 'तारीख लागलीय' म्हणून मी जशी सांगायचे, तशीच ही कारणं होती. फक्त मी सांगताना डोळ्यांत बघायचे.

"सूनबाईला नको असणार," विनायक हॉटेलवर आल्यावर म्हणाला. त्याचा शर्ट कालचाच होता. बॅगेतून तो हात घालून एकेक वस्तू चोरासारखी काढायचा आणि चेन परत लावायचा. "पोरगा मधल्यामध्ये भरडतोय. मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस, अक्का."

"बरं."

"त्यांच्याकडे नसते पद्धत. सासरा म्हणजे परकाच."

रोज संध्याकाळी बाहेरच्या जेवणाला आन्के लीनाला घेऊन यायची, म्हणून मी तिला तोवर जोखून ठेवलं होतं. उंच, सावकाश बोलणारी, अंगावर अंगठी सोडली तर काही नाही. मुलीला जेवताना रागावायची, पण आवाज चढवायची नाही. विनायकच्या ताटात काय संपलं ते विनायकच्या आधी तिला कळायचं. असली बाई सासऱ्याला दारात उभा करणार नाही, अशी आपली माझी समजूत. पण समजुतीवर मी कधी कुणाला आगाऊ खोली दिलेली नाही, म्हणून गप्प होते.

चौथ्या संध्याकाळी आम्ही सगळे एका हॉटेलात जेवायला बसलो होतो. कौस्तुभ लीनाचे हात धुवायला गेला, पाठोपाठ विनायकही. आन्के माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागावू नका. बाबांना आमच्याकडे राहायला का नको वाटलं?"

'आत्या' तिने नीट म्हटलं होतं, जोडाक्षरासकट.

"असं कोण म्हणालं?"

"कौस्तुभ. म्हणाला, बाबांना हॉटेलच बरं वाटतं, घरी त्यांना संकोच होतो. मी खोली..." ती थांबली. कौस्तुभ परत येत होता. आन्केने हसून पाण्याचा ग्लास उचलला.

म्हणजे बायकोला सांगायचं बापाला नको, आणि बापाला सांगायचं घरात रंग. दोन्ही पक्षांशी वेगवेगळं बोलणारा माणूस मी कार्यालयात पुष्कळ बघितलाय. त्याला दोघांची भेट स्वयंपाकघरात होऊ द्यायची नसते. मी कौस्तुभकडे बघितलं. तो लीनाच्या गळ्यात रुमाल बांधत होता, आणि गाठ काही जमत नव्हती.

विनायकला मी यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर त्याचा सुनेवरचा राग पोरावर गेला असता, आणि सुनेवरचा राग त्याला निदान झोपू देत होता.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभला ऑफिसात जाणं भाग होतं. नाश्ता झाल्यावर विनायक खाली आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्यावर शबनम. शबनमला पाटीचा चौकोनी आकार आला होता.

"चल. आपणच जाऊ," तो म्हणाला.

"त्याला न सांगता?"

"पोराच्या घरी जायला सांगायचं कशाला? नुसतं दार बघू. पाटी लावू. फोटो काढू. येऊ."

"खिळे आणलेस?"

"दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणलीय. मी काही अडाणी नाही."

पत्ता त्याला पाठ होता. दर दिवाळीला फराळाच्या खोक्यावर तो स्वतःच्या हाताने लिहायचा. लग्नानंतरचं पहिलं खोकं परत आलं होतं. होळीच्या सुमाराला सांगलीच्या दारात येऊन पडलं, चकल्यांचा भुगा आणि लाडवांना वास. तेव्हा कौस्तुभने समजावलं होतं की तिकडे पत्त्यात मजला किंवा फ्लॅटचा नंबर नसतो, खाली दाराशी बेलच्या बटणावर आडनाव असेल त्यालाच पोस्टमन वस्तू देतो. 'तुम्ही माझ्या नावाखाली केअर ऑफ पीटरसन लिहा, बाबा.' विनायकने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. सुनेने आपलं नाव ठेवलं, बेलवर आपलंच चिकटवलं आणि नवऱ्याला जागा ठेवली नाही.

गाडीत तो मला हेच सांगत होता. "नाव नाही बदललं, ठीक आहे. हल्लीच्या मुली नाही बदलत. पण नवऱ्याच्या नावाला चार बोटं जागा असू नये?"

"तू चार बोटं म्हणतोस. पाटी वीतभर आणलीयस."

"मोठी दिसली की कुणी काढत नाही."

आइम्सब्युटल छान होतं. दोन्ही बाजूंना झाडं, जुन्या पांढऱ्या इमारती, खिडक्यांतून फुलांच्या कुंड्या, फुटपाथवर टेकवलेल्या सायकली. असल्या भागात घर मिळवायला माणसाला बरंच काही द्यावं लागत असेल, असं माझ्या मनात आलं. पैशाचंच आलं होतं तेव्हा.

घर सापडलं. दाराशेजारी पितळी बटणांची रांग, प्रत्येकासमोर एकेक आडनाव. विनायकने चष्मा बदलला आणि खालून वर, मग वरून खाली वाचलं. तिसऱ्या मजल्यासमोर नुसतं पीटरसन.

"बघितलंस?" तो म्हणाला. "भाडेकरूसुद्धा आपलं नाव लावतो."

त्याने शबनममधून पाटी काढली. उपरण्यात गुंडाळलेली होती, ते माझ्या हातात दिलं. टेपचा तुकडा दातांनी तोडला आणि बटणांच्या खालच्या भिंतीवर जागा पुसायला लागला, हातरुमालाने. तेवढ्यात दार उघडलं. आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग विनायककडे. जर्मनमध्ये काही विचारलं, मग इंग्रजीत.

"कुणाकडे आलात?"

"माझ्या मुलाकडे. कौस्तुभ चिंचाळकर. तिसरा मजला."

बाईंनी मान हलवली. "या नावाचं इथे कुणी नाही."

"आहे. त्याच्या बायकोचं नाव पीटरसन आहे. म्हणून दिसत नाही."

त्याने खिशातून फोन काढला आणि फोटो पुढे धरला. कौस्तुभ, आन्के, मध्ये लीना. बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, हे तर पीटरसन. मिस्टर पीटरसन. फार भला माणूस. माझ्या जड पिशव्या रोज तोच वर नेतो."

"पीटरसन त्याची बायको," विनायक शांतपणे म्हणाला. शाळेत चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसं. "तो चिंचाळकर."

"ती पीटरसन, तो पीटरसन, छोटी पीटरसन," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. मला त्यांनी पार्टीला बोलावलं होतं. तुम्ही त्याचे वडील? तुमच्यासारखाच दिसतो हो." त्यांनी विनायकचा हात हातात घेऊन हलवला, आमच्यासाठी दार उघडं धरलं, आम्ही हललो नाही तेव्हा हसून निघून गेल्या. दार आपोआप मिटलं.

विनायकच्या एका हातात पाटी होती. टेपचा तुकडा अंगठ्याला चिकटला होता, तो दुसऱ्या बोटाने काढायला जायचा आणि त्या बोटाला चिकटायचा.

मी कौस्तुभला फोन लावला. "तुझ्या दाराशी आहोत," म्हटलं. "ये."

तो सायकलवरून आला, घामाघूम. सायकलला कुलूप लावायला त्याने फार वेळ घेतला. मग बापाच्या हातातली पाटी बघितली.

"आत चला, बाबा."

"इथेच सांग."

"काय सांगू?"

"नाव कधी बदललंस?"

"लग्नात. तिथल्या टेबलाशी विचारतात, कुटुंबाचं नाव कोणतं ठेवायचं. दोघांतलं एक ठेवता येतं."

"आणि तू तिचं म्हणालास."

"हो."

"तिने मागितलं?"

"नाही. ती म्हणत होती, दोघांनी आपापलं ठेवू." कौस्तुभ फुटपाथकडे बघत बोलत होता. "बाबा, मी दीड वर्ष घर शोधत होतो. पगार चांगला, कागद सगळे ठीक. चिंचाळकर म्हणून लिहिलं की उत्तरच नाही. नाही असंसुद्धा नाही. एकदा आन्केने त्याच जागेसाठी तीच ओळ लिहिली, खाली तिचं नाव. दुपारी फोन आला, केव्हा बघायला येता. हेच ते घर. बघायला मी तिच्याबरोबर गेलो तर मालक सगळं तिच्याशी बोलला. मी मागे उभा. तेव्हाच ठरवलं, जे मूल होईल त्याला दारात मागे उभं राहायला लागू नये."

"आणि मला?"

"तुम्हाला काय सांगणार होतो? फोन केला की तुम्ही सांगायचात, सातवी पिढी लिहून झाली, आठवी झाली."

"म्हणून हॉटेल."

"म्हणून हॉटेल," कौस्तुभ म्हणाला. "बेल बघितली असतीत. लेटरबॉक्स बघितला असतात. लीनाच्या बालवाडीच्या दप्तरावर आहे. कुठे कुठे झाकू?" त्याने पहिल्यांदा मान वर केली. "आता कळलंच आहे. बाबा, वर चला. हॉटेल सोडून देऊ. आजपासून इथेच राहा. खरंच राहा."

हेच तर हवं होतं. याच वाक्यासाठी माणूस चार दिवस बॅग न उघडता बसला होता. मी विनायककडे बघितलं. तो पाटी उपरण्यात गुंडाळत होता. चारही टोकं नीट दुमडून, देवाच्या टाकासारखी.

"नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सांभाळला असता, मला सवय आहे. "लेकीच्या सासरी बापाने मुक्काम करायची आपल्यात पद्धत नाही."

कौस्तुभला कळायला क्षण गेला. मग त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

"विनू," मी म्हटलं, "लेकीला मूल झालं की चालतं. तुझी रीत तूच अर्धी सांगू नकोस. लीना चार वर्षांची आहे."

"पाणी चालतं," विनायक म्हणाला. "पाणी पितो. तहान लागलीय."

कौस्तुभ धावत वर गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. विनायकने तो दाराबाहेर उभ्याने प्यायला, सगळा, आणि ग्लास दोन्ही हातांनी परत दिला. आमचे वडील मिरजेला यायचे तेव्हा असेच प्यायचे. कार्यालयाच्या पायरीवर, मला मुलगा झाल्यावरसुद्धा. लोक म्हणायचे, काय रीतीचा माणूस. आत मी वाढलेलं ताट असायचं आणि मी दाराच्या चौकटीला धरून त्यांची पाठ लांब जाताना बघायचे. तेव्हा विनायक त्यांच्याबरोबर असायचा. ग्लास परत द्यायची पद्धत त्याने तिथेच उचलली.

"तू जाऊन ये वर," तो मला म्हणाला. "तुला काही अडचण नाही. मला स्टेशन सापडतं."

मी वर गेले. जिने फार नव्हते. जोतिबाचा डोंगर केलेल्या गुडघ्याला तर काहीच नव्हते.

घरात नवा रंग कुठेच लावलेला नव्हता. कौस्तुभ चहा ठेवायला गेला आणि मी सवयीने खोल्या बघत गेले. शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत दोन पलंग, चादरी ताणून घातलेल्या, कोपरे दुमडून. प्रत्येक उशीवर घडी घातलेला टॉवेल. खिडकीशी खुर्ची, तिच्यावर जाड उशी, गुडघा दुखणाऱ्या माणसाला बसता-उठता यावं म्हणून. कोनाड्यात वहिनीचा फोटो आणि पुढे छोटी पणती, वात घातलेली. भिंतीवर लीनाने चिकटवलेलं चित्र: काठी घेतलेला एक माणूस आणि त्याच्यावर सूर्य. काठी विनायक वापरत नाही, पण आजोबा म्हटल्यावर तिने दिली असणार.

मी जन्मभर लोकांसाठी खोल्या लावल्या. मनापासून लावलेली खोली आणि करायची म्हणून केलेली, यातला फरक मला दारातून कळतो. ती खोली आम्ही यायच्या आधीपासून तयार होती. टॉवेलांच्या घड्यांवर बारीक धूळ बसली होती.

मी चहा घेतला. कौस्तुभ समोर बसला. निघताना पाया पडला. "आत्या, त्यांना सांग," म्हणाला. काय सांगायचं ते काही सांगितलं नाही.

हॉटेलवर आले तेव्हा ऊन अजून होतं. तिकडे उन्हाळ्यात ते संपतच नाही. विनायकच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याने बॅग उघडली होती. शर्ट हँगरला, धोतरं कप्प्यात, दाढीचं सामान आरशाखाली एका रांगेत. पंचा धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता. बॅग रिकामी करून पलंगाखाली सरकवली होती. पाटी मात्र कुठे दिसली नाही, आणि मी विचारलं नाही. परत जायला अजून चार दिवस होते.

तो पाय वर घेऊन, पलंगाच्या मधोमध बसला होता.

"चहा दिला का?" त्याने विचारलं.

"दिला."

"कसा होता?"

"पांचट."

त्याने मान हलवली. कालव्यातल्या बदकांकडे बघत राहिला. मग तिकडेच बघत म्हणाला, "आणि घर? आपली सोय झाली असती का?"

"छे," मी म्हटलं. "जागाच नाही रे. एवढीशी खोली. तुला पाय पसरता आले नसते."

"तेच म्हणत होतो मी," विनायक म्हणाला, आणि पाय पसरले.